साम्यानुमानाला जामीन कोण? तर्कशास्त्र आणि एआय यांच्या इतिहासातला एक प्रश्न

संशोधनाच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं. "ही पद्धत अमुक ठिकाणी यशस्वी ठरली आहे, म्हणून प्रस्तुत विषयातही ती उपयुक्त ठरेल." तुम्ही तयारीला लागला असाल तर तुमच्याही मसुद्यात ते असेल. समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, "कशावरून?" आणि मग आपण दोन्ही विषय कसे सारखे आहेत याची यादी वाचायला लागतो. यादी लांब असते, पण प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

या प्रकारच्या युक्तिवादाला तर्कशास्त्रात साम्यानुमान म्हणतात. दोन गोष्टी काही बाबतींत सारख्या आहेत, पहिलीत एक गुण दिसतो, म्हणून दुसरीतही तो असेल. पहिलीला आपण 'स्रोत' म्हणू आणि दुसरीला 'लक्ष्य'. यंत्राला असा विचार करायला शिकवावं, ही एआयमधली फार जुनी धडपड आहे. तिचा सगळा इतिहास एका लेखात मावणार नाही. आज फक्त एक धागा पकडू: साम्यानुमान बरोबर आहे याची हमी कोण देतं? त्याला जामीन कोण राहतं?

प्रश्न एआयपेक्षा कितीतरी जुना

ॲरिस्टॉटलने 'प्रायर ॲनालिटिक्स'च्या दुसऱ्या भागात उदाहरणावरून केलेल्या युक्तिवादाचा विचार केला आहे. अथेन्सने थीब्जशी युद्ध करावं का? थीब्जने फोकिसशी केलेलं युद्ध वाईट ठरलं. दोन्ही युद्धं शेजाऱ्याविरुद्धची, म्हणून हेही वाईट. ॲरिस्टॉटलचं विश्लेषण असं की इथे मधे एक सर्वसाधारण विधान दडलेलं आहे: शेजाऱ्याशी युद्ध वाईट. उदाहरणावरून आपण त्या विधानाकडे जातो आणि तिथून खाली अथेन्सकडे येतो.

आता जरा थांबा आणि इथली अडचण बघा. ते सर्वसाधारण विधान आपल्याला आधीच मान्य असेल तर फोकिसचं उदाहरण कशाला हवं? आणि मान्य नसेल तर एकट्या फोकिसवरून ते सिद्ध कसं होणार? उदाहरण एक तर अनावश्यक ठरतं, नाहीतर अपुरं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रातही हीच ओढाताण दिसते. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादातल्या फसव्या प्रत्युत्तरांचे २४ प्रकार दिले आहेत. त्यांना 'जाती' म्हणतात, आणि त्यातली पहिलीच आहे साधर्म्यसमा. नेहमीचं उदाहरण असं: कुणी म्हणतं, शब्द उत्पन्न होतो, म्हणून घटासारखा तो अनित्य आहे. समोरचा म्हणतो, शब्द अमूर्त आहे, म्हणून आकाशासारखा तो नित्य आहे. सारखेपणा दोन्हीकडे आहे! नैयायिकांचं म्हणणं असं की नुसतं साधर्म्य पुरत नाही, हेतू आणि साध्य यांचा नियत संबंध लागतो. तोच पुढे 'व्याप्ती' म्हणून मध्यवर्ती झाला. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती असेल तरच स्वयंपाकघराचा दृष्टान्त डोंगराला लागू पडतो. मग व्याप्ती इतकी भक्कम झाली की काही बौद्ध आणि जैन तार्किकांनी विचारलं, व्याप्ती माहीत असेल तर दृष्टान्त सांगायचाच कशाला? म्हणजे अथेन्सची अडचण इथेही दारात उभी.

१८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने 'सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये हाच प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला. काही वेळा एकच उदाहरण निष्कर्षाला पुरतं आणि काही वेळा हजारो उदाहरणंही पुरत नाहीत, असं का? नेल्सन गुडमनने १९५० च्या दशकात त्याला नेमकं रूप दिलं. तांब्याच्या एका तुकड्यातून वीज वाहिली तर सगळ्या तांब्याबद्दलचा आपला विश्वास वाढतो. या खोलीतला एक माणूस आपल्या आईवडिलांचा तिसरा मुलगा निघाला, म्हणून खोलीतले सगळे तिसरे मुलगे असतील असं मात्र कुणालाच वाटत नाही. दोन्ही युक्तिवादांचा आकार एकच, फरक आशयात. तर्कशास्त्र आकाराकडे बघतं, म्हणून त्याला हा फरक पकडताना एवढा त्रास होतो.

पहिली यंत्रं: १९६० चं दशक

एमआयटीमध्ये मार्विन मिन्स्की यांच्या हाताखाली थॉमस इव्हान्स यांनी 'ॲनॅलॉजी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. १९६४ मध्ये तो एका परिषदेत मांडला गेला. बुद्धिमत्ता चाचणीत येतात तसले प्रश्न तो सोडवायचा: आकृती 'अ' ची 'ब' झाली, तर 'क' ची काय होईल? खाली पाच पर्याय. प्रोग्रॅम आधी 'अ' पासून 'ब' कशी झाली याचे नियम बनवायचा: आतला त्रिकोण बाहेर गेला, वर्तुळ नाहीसं झालं, वगैरे. मग ते नियम 'क' आणि प्रत्येक पर्यायाला बसतील इतके सैल करायचा. ज्या पर्यायासाठी नियम सगळ्यात कमी सैल करावा लागला, ते उत्तर.

कल्पना सुंदर आहे. पण आपला प्रश्न विचारा: जामीन कोण? इथे उत्तराला आधार आहे तो निवडीच्या निकषाचा. कोड्यासाठी तेवढं चालतं, कारण कोडं बनवणाऱ्यानेच उत्तर ठरवलेलं असतं. जगाबद्दलच्या निष्कर्षाला ते पुरत नाही.

दुसरा प्रयत्न रॉबर्ट क्लिंग यांचा, 'झोर्बा' नावाचा प्रोग्रॅम, १९७१. पार्श्वभूमी अशी: १९६५ मध्ये रॉबिन्सन यांची रेझोल्यूशन पद्धत आली आणि यंत्राकडून प्रमेयं सिद्ध करून घेण्याची लाट आली. पण गृहीतकं वाढली की शोध भलताच पसरायचा. क्लिंग यांनी साम्याचा उपयोग वाट दाखवायला केला. दोन आबेली गटांचा छेद आबेली गट असतो, हे सिद्ध झालेलं आहे. आता दोन क्रमनिरपेक्ष वलयांबद्दल तसंच सिद्ध करायचं आहे. झोर्बा दोन्ही प्रमेयांमधल्या संकल्पनांच्या जोड्या लावायचा, आणि जुन्या सिद्धतेत जी गृहीतकं वापरली होती त्यांच्या जोडीदार गृहीतकांची निवडक यादी प्रमेय-सिद्धकाला द्यायचा.

इथे जामीन स्पष्ट आहे: सिद्धता. साम्याने फक्त सुचवायचं, खरं-खोटं ठरवायचं दुसऱ्याने. गणितात हे उत्तम चालतं. पण जिथे नंतर सिद्धता मिळण्याची सोयच नाही, तिथे? रोगनिदान, न्यायनिवाडा, बाजारभाव, या ठिकाणी साम्यानुमानालाच स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

याच काळात, १९६३ मध्ये, मेरी हेसे यांचं 'मॉडेल्स अँड ॲनॅलॉजीज इन सायन्स' आलं. पुस्तक विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं आहे, पण या विषयात काम करायचं असेल तर वाचायलाच हवं. त्यांनी दोन दिशा वेगळ्या केल्या. आडवी दिशा म्हणजे स्रोत आणि लक्ष्य यांच्यातला सारखेपणा. उभी दिशा म्हणजे त्याच वस्तूच्या गुणांमधला आपसातला संबंध, मुख्यतः कार्यकारणाचा. आडवा सारखेपणा कितीही असला तरी उभा संबंध नसेल तर निष्कर्षाला बळ येत नाही. साधर्म्यसमेवरचा आक्षेप तुम्हाला आठवला असेल.

१९८० चं दशक: रचना की समर्थन?

डेड्रे गेंटनर यांचा १९८३ चा 'स्ट्रक्चर मॅपिंग' सिद्धान्त या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरला जातो. सूर्यमाला आणि अणू यांच्यात साम्य आहे म्हणताना आपण सूर्य पिवळा आहे, गरम आहे हे गुण सोडून देतो आणि 'याच्याभोवती ते फिरतं', 'हे त्याला ओढतं' असे संबंध उचलतो. त्यातही एकमेकांत गुंफलेले संबंध आधी. फॉल्केनहायनर, फोर्बस आणि गेंटनर यांनी त्यावरून 'एसएमई' हे इंजिन बनवलं. माणूस साम्य कसं बघतो याचा तो फार चांगला नमुना आहे. पण तो दोन रचनांची जुळणी करून तिला गुण देतो. जुळणीतून निघालेलं अनुमान खरं आहे की नाही, हे तपासायचं काम तो दुसऱ्यावर सोपवतो, आणि गेंटनर यांचा दावाही मुख्यतः मानसशास्त्रीय आहे. कोणत्याही पेपरवर टीका करण्याआधी तो नेमका कोणता प्रश्न सोडवत होता हे बघायची सवय लावून घ्या.

समर्थनाचा प्रश्न सरळ अंगावर घेतला तो टॉड डेव्हिस आणि स्टुअर्ट रसेल यांनी. १९८७ च्या आयजेसीएआय परिषदेतला त्यांचा छोटासा पेपर, 'अ लॉजिकल अप्रोच टू रीझनिंग बाय ॲनॅलॉजी'. मला तो आवडतो तो त्याच्या मांडणीसाठी. उत्तर देण्याआधी ते उत्तराने पाळायच्या दोन अटी लिहितात.

पहिली अट समर्थनाची: आधारविधानं खरी असतील तर लक्ष्याबद्दलचा निष्कर्ष त्यातून तर्काने निघाला पाहिजे.

दुसरी अट अनावश्यकता टाळण्याची: स्रोत काढून टाकला तर निष्कर्ष निघता कामा नये. म्हणजे उदाहरणाने खरोखर काही नवी माहिती दिली पाहिजे.

या दोन अटी शेजारी ठेवल्या की ॲरिस्टॉटलपासूनची ओढाताण एकदम स्वच्छ दिसते. नियम दुबळा ठेवला की पहिली अट मोडते, बळकट केला की दुसरी.

त्यांचं उदाहरण जुन्या मोटारीच्या किमतीचं आहे. बॉब आणि सू या दोघांकडे १९८२ ची एकाच प्रकारची फोर्ड मस्टँग आहे. बॉबच्या गाडीची किंमत कळली, तर सूच्या गाडीचीही तेवढीच, असं आपण म्हणतो. "सारख्या गाड्यांचं सगळंच सारखं असतं" हा नियम धरला तर तो खोटाच आहे, रंग वेगळा असू शकतो. "या मॉडेलची किंमत अमुक डॉलर" हा नियम धरला तर बॉबची गाडी बघायची गरजच नाही. मग आपल्या डोक्यात नेमकं काय असतं? आपल्याला माहीत असतं की गाडीची किंमत मॉडेल, वर्ष, इंजिन आणि गाडीची अवस्था यांवरून *ठरते*. किती ठरते ते माहीत नसतं. तो आकडा बॉबची गाडी पुरवते.

अशा ज्ञानाला त्यांनी 'डिटर्मिनेशन' म्हटलं. मराठीत निर्धारण म्हणू. तर्काच्या भाषेत नियम असा: कोणत्याही दोन वस्तू 'प' या बाबतीत सारख्या असतील, आणि पहिलीची 'क' ही बाब काही एक असेल, तर दुसरीचीही 'क' तीच असते. नियमात 'क' ची किंमत कुठेच लिहिलेली नाही, म्हणून एकटा नियम निष्कर्ष देऊ शकत नाही. उदाहरण जोडलं की निष्कर्ष निगमनाने, पक्का निघतो. दोन्ही अटी एकदम पाळल्या जातात.

तुम्ही डेटाबेस शिकला असाल तर हे ओळखीचं वाटेल. रोल नंबरवरून नाव ठरतं, ही 'फंक्शनल डिपेन्डन्सी' कॉडच्या रिलेशनल मॉडेलपासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून वापरात आहे. लेखकांनी हे नातं लपवलेलं नाही. दुसऱ्या खोलीत पडलेलं हत्यार ओळखून ते आपल्या प्रश्नाला लावणं, हेही संशोधनच असतं.

आता गुडमनचं कोडं परत घ्या. पदार्थ कोणता आहे त्यावरून वीजवाहकता ठरते, म्हणून तांब्याचा एक तुकडा पुरतो. कोणत्या खोलीत बसला आहे त्यावरून माणूस कितवा मुलगा हे ठरत नाही, म्हणून हजार माणसंही पुरत नाहीत. मिलच्या प्रश्नालाही इथे एक स्वच्छ उत्तर मिळतं.

पण निर्धारण आणायचं कुठून?

रसेल आणि नॉर्व्हिग यांच्या पाठ्यपुस्तकात एक प्रवासी पहिल्यांदा एका ब्राझिलियन माणसाला भेटते. तो पोर्तुगीज बोलतो, त्यावरून ती लगेच म्हणते की ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. त्याचं नाव फर्नांडो आहे, म्हणून सगळे ब्राझिलियन फर्नांडो असतील असं ती म्हणत नाही. राष्ट्रीयत्वावरून भाषा ठरते, नाव ठरत नाही.

हाच नियम घेऊन ती बाई पुण्याला उतरली तर? पहिला भेटलेला माणूस मराठी बोलला, म्हणून सगळे भारतीय मराठी बोलतात! तर्क निर्दोष, नियम खोटा. राष्ट्रीयत्वाऐवजी राज्य घेतलं तरी बेळगावात आणि सोलापुरात गडबड होईलच. म्हणजे जामीन मिळाला खरा, पण जामीनदाराची पत तपासायचं काम शिल्लक राहिलं.

यावर उपाय झाले. हाती असलेल्या नोंदींशी विसंगत नसलेलं, कमीत कमी घटकांचं निर्धारण शोधून काढणारे अल्गोरिदम आहेत. काही अपवाद चालतील अशी अंशतः निर्धारणंही मांडली गेली. पण नोंदींशी विसंगत नाही म्हणजे खरं आहे असं होत नाही. विगमनाचा जुना प्रश्न एक पायरी वर सरकला, एवढंच. हे अपयश समजू नका. आधी "हे दोन सारखे आहेत का" असा धूसर प्रश्न होता. आता "कशावरून काय ठरतं" असा तपासता येणारा प्रश्न आहे.

तर्काच्या इतर वाटाही त्याच सुमारास निघाल्या. जपानमध्ये हारागुची आणि अरिकावा यांनी लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या चौकटीत दोन मॉडेलांमधली अंशतः एकरूपता म्हणजे साम्य, अशी व्याख्या केली. जर्मनीत ओस्नाब्रुकच्या गटाने पुढे 'एचडीटीपी' उभं केलं. त्यात दोन सिद्धान्तांची प्रथम-क्रम तर्कातली सूत्रं घेऊन त्यांचं समान सामान्यीकरण काढतात. त्यासाठीचं तंत्र, अँटी-युनिफिकेशन, प्लॉटकिन आणि रेनॉल्ड्स यांनी १९७० मध्येच दिलं होतं.

मूलभूत आक्षेप आला डग्लस हॉफस्टॅडर यांच्या गटाकडून. त्यांचं म्हणणं, तुम्ही सूर्यमालेची सूत्रं स्वतः लिहून देता, नेमकी हवी तेवढीच. मग यंत्राला उरतं काय? जगातून कोणती बाब उचलायची हेच तर साम्यविचाराचं खरं काम. मेलनी मिचेल यांच्यासोबत केलेला त्यांचा 'कॉपीकॅट' प्रोग्रॅम अक्षरांच्या छोट्या ओळींवर चालतो, आणि वर्णन तयार करणं आणि जुळवणं ही दोन्ही कामं एकदमच करतो. तर्कवाल्यांनी या आक्षेपाला पूर्ण उत्तर दिलंय असं मला वाटत नाही.

बूलियन आकड्यांतलं साम्य

एक अलीकडचा धागा सांगतो, कारण त्यात आपला मूळ प्रश्न प्रमेय बनून येतो. "अ ला जसा ब, तसा क ला ड" हे प्रमाण ० आणि १ मध्ये लिहिता येतं: अ आणि ब यांच्यात जो फरक, त्याच दिशेने तोच फरक क आणि ड यांच्यात. चार जागांच्या १६ शक्यतांपैकी फक्त ६ यात बसतात. फ्रान्समध्ये मिक्ले, प्राड, रिशार यांनी याचं तर्कशास्त्र मांडलं.

बँकेचा लॉकर घ्या. एकही किल्ली नाही, उघडत नाही. फक्त तुमची, उघडत नाही. फक्त बँकेची, उघडत नाही. साम्याने चौथं: दोन्ही किल्ल्या, तरी उघडत नाही. चूक! आता जिन्यातला दिवा घ्या, वर एक बटण आणि खाली एक. दोन्ही बंद, अंधार. फक्त वरचं दाबलं, उजेड. फक्त खालचं, उजेड. दोन्ही दाबली तर? ०, १, १ नंतर कोणताही आकडा त्या ६ मध्ये बसत नाही. पद्धत गप्प राहते, पण चुकीचं बोलत नाही.

२०१७ मध्ये कुसेरो, ह्यूग, प्राड आणि रिशार यांनी सिद्ध केलं की साम्यानुमान कधीच चुकत नाही अशी बूलियन फलनं म्हणजे नेमकी 'अफाइन' फलनं, अर्थात जिन्यातल्या दिव्याच्या जातीची. पुन्हा तेच. साम्याची हमी साम्यात नसते, ज्या जगाबद्दल बोलतोय त्याच्या रचनेत असते.

मोठ्या भाषा-मॉडेलांचा वादही याच रुळावर आलाय. २०२३ मध्ये वेब, होलिओक आणि लू यांनी दाखवलं की जीपीटी-३ साम्याच्या अनेक चाचण्यांत माणसांच्या बरोबरीने उत्तरं देतं. त्यानंतर लुईस आणि मिचेल यांनी वर्णमालेचा क्रमच बदलून अक्षरांचे तेच प्रश्न दिले. माणसं टिकली, मॉडेलांची कामगिरी घसरली.

तुमच्या सिनॉप्सिसकडे परत

समजा तुमचा विषय आहे मराठीसाठी भाषातंत्रज्ञान, आणि तुम्ही लिहिलंय: "हिंदीसाठी ही पद्धत यशस्वी झाली, मराठीचीही लिपी देवनागरीच, म्हणून इथेही चालेल." डेव्हिस आणि रसेल यांचा प्रश्न लावा: लिपीवरून काय ठरतं? युनिकोडचा संच ठरतो, बराचसा कीबोर्ड ठरतो. त्यातही 'दऱ्या'मधला ऱ्या वेगळा सांभाळावा लागतो. पण एका शब्दाची किती रूपं मजकुरात येतात, हे लिपीवरून ठरत नाही, रूपव्यवस्थेवरून ठरतं. हिंदीत 'घर को', 'घर में', 'घर के सामने' असं सुटं लिहितात. मराठीत 'घराला', 'घरात', 'घरासमोर'. शब्द मोजणाऱ्या पद्धतीला हिंदीत 'घर' तीनदा दिसतो, मराठीत तीन वेगळे शब्द दिसतात. म्हणजे तुमचं साम्य कीबोर्डच्या कामाला पुरेल, शब्दगणनेवर उभ्या पद्धतीला पुरणार नाही. तिथे कदाचित सामान्यरूपाला प्रत्यय लागणारी दुसरी एखादी भाषा चांगला स्रोत ठरेल, मग तिची लिपी कोणती का असेना.

म्हणून मसुदा देण्याआधी त्या एका वाक्याखाली तीन ओळी लिहून बघा. मला लक्ष्याबद्दल नेमकं कोणतं विधान करायचं आहे? ते कोणत्या घटकांवरून ठरतं, आणि असं मी कशावरून म्हणतो? त्या घटकांत माझा स्रोत आणि माझं लक्ष्य खरोखर सारखे आहेत का? दुसऱ्या ओळीला पेन अडलं तर घाबरू नका. तिथे काय ठरतं हे अजून कुणाला माहीत नसेल, तर कदाचित तोच तुमच्या प्रबंधाचा प्रश्न आहे. तो लपवण्यापेक्षा सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर घ्या.